गिरणीमागचा भुसा

आमच्या गावच्या राईस मिलमागे भुशाचा डोंगर होता. धान आत गेलं की तांदूळ एकीकडून निघायचा, कोंडा दुसरीकडून, आणि वरचं टरफल, ज्याला पुस्तकात तूस म्हणतात आणि आम्ही भुसा म्हणतो, ते एका पत्र्याच्या नळकांड्यातून मागच्या पडीत जागेत उडायचं. हंगामात तो डोंगर मिलच्या छपराला टेकायचा. वारा सुटला की भुसा लोकांच्या डोळ्यांत, भाजीत, वाळत घातलेल्या कपड्यांत. मिलमालकाला तो नकोच असायचा. कुणी पोतं घेऊन आलं की तो म्हणायचा, "न्या बावा, किती न्यायचा तो न्या. मायी जागा खाली करा."

हे मी चिमूरच्या पूर्वेकडच्या धानपट्ट्याचं सांगतोय. चंद्रपूर जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला कोळसा आठवतो, ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आठवतात, गडचांदूरकडचं सिमेंट आठवतं. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. तळी होती, बोड्या म्हणजे शेतांतली लहान तळी होती, धानाचे बांध होते आणि त्यामागे जंगल होतं.

भुसा सगळ्यांत जास्त न्यायची ती माझी मोठी बहीण. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, तिला मी बाई म्हणतो. ती गावातच दिलेली. भाऊजी तळ्यात जाळं टाकायचे, आणि मासे धरणाऱ्या घरांतल्या बायका मुरमुरे फोडायच्या, ही आमच्याकडची जुनी वाटणी. बाईची भट्टी घराच्या मागच्या पडवीत होती. मातीची, एका अंगाला तोंड असलेली, वर रेतीनं भरलेली लोखंडी कढई. मिठाच्या पाण्यात कालवून कोरडा केलेला उसना, म्हणजे उकडा, तांदूळ तापल्या रेतीत टाकायचा, काड्यांच्या झाडणीनं दोन-तीन फेरे मारायचे, की क्षणात कढईभर पांढरं फूल. लगेच चाळणीत उपसलं नाही तर काळं.

यातलं खरं कसब डाव्या हाताचं. उजवा हात कढईत, आणि डाव्या हातानं भट्टीच्या तोंडातून मूठमूठ भुसा आत फेकत राहायचं. भुसा भपकन पेटतो आणि लगेच विझतो. म्हणजे आग आपल्या मुठीत राहते. जास्त हवी, दोन मुठी. कमी हवी, थांबा. लाकडाचं तसं नसतं. लाकूड एकदा धरलं की ते त्याच्या मर्जीनं जळतं, निखारा मागे ठेवतं, रेती नको तेवढी तापते आणि मुरमुरा करपतो. बाई म्हणायची, "लाकडावर भात होते, मुरमुरा नाई होत."

या भट्टीवर मी शिकलो. आई लवकर गेली होती, वडिलांचं काही खरं नव्हतं. बाई आठवड्याचे तीन बाजार करायची, डोक्यावर मुरमुऱ्याचं पोतं घेऊन, आणि मी ब्रह्मपुरीला अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करायचो. मागणीचा नियम, सीमान्त खर्च, सगळं गाइडमधून पाठ. बाईला वाटायचं, मी फार मोठं काहीतरी शिकतोय. मलाही वाटायचं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच फिरलं. भुसा फुकट होता, पण बायका तो फुकट न्यायच्या नाहीत. पोतं भरायच्या आधी मिलचं अख्खं अंगण झाडून द्यायचं, अशी रीत होती. ती कुणी लावली ठाऊक नाही. मालकानं कधी सांगितलं नव्हतं, बायकांनी कधी विचारलं नव्हतं. धान वाळवायचं ते केवढं मोठं पटांगण! त्यावरचा पालापाचोळा, धूळ, शेळ्यांच्या लेंड्या, सगळं दोन-तीन बायका मिळून सकाळी झाडायच्या आणि मग मागच्या बाजूला जाऊन पोती भरायच्या. मालक त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे बघायचा. देणं-घेणं झालं आणि तोंडानं काहीच बोलणं झालं नाही, म्हणून ते इतकी वर्षं सुरळीत चाललं.

दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी मला चंद्रपुरात नोकरी लागली. म्हणजे नोकरी कसली, कामाच्या दिवसापुरता पगार. पुण्याच्या एका सल्लागार साहेबानं बसस्टँडजवळ दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं होतं, आणि त्याला गावोगाव फिरून फॉर्म भरणारी पोरं हवी होती. मी धानपट्ट्यातला, अर्थशास्त्र झालेला, म्हणून लगेच घेतलं.

साहेब माणूस चांगला होता. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. खरंच चांगला होता, आमच्याबरोबर टपरीवर चहा प्यायचा, आणि आमच्या प्रश्नांना हसायचा नाही. पहिल्याच दिवशी त्यानं एका कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. कोळसा जळतो, धूर वर जातो, पृथ्वी तापते. हा धूर कमी करायचं श्रीमंत देशांनी कबूल केलंय. पण त्यांच्याकडे तो कमी करायला फार खर्च येतो, कारण त्यांच्या गिरण्या, गाड्या, सगळं आधीच सुधारलेलं आहे. आपल्याकडे तोच एक टन धूर फार थोड्या खर्चात कमी होतो. "हवा सगळ्यांची एकच," तो म्हणाला, "मग जिथं स्वस्त पडतं तिथं कमी करायचा. पैसे त्यांनी द्यायचे, काम आपण करायचं. दोघांचाही फायदा."

मला ते फार आवडलं. खोटं कशाला बोलू? गाइडमध्ये वाचलेलं पहिल्यांदाच कुठेतरी लागू पडताना दिसत होतं. शिवाय मी काही धुराच्या बाजूचा नव्हतो. ऊर्जानगरला माझा एक मित्र क्वार्टरमध्ये राहायचा, त्याच्याकडे दोरीवर टाकलेला पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचा, आणि चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे काय हे मी अंगावर घेतलेलं होतं. कोळसा थोडा कमी जळणार असेल तर वाईट काय?

काम असं होतं. आमच्या तालुक्याच्या रस्त्यावर एक कंपनी भुशावर वीज करणार होती. तेवढी वीज कोळशावर करावी लागणार नाही, म्हणून तेवढा धूर वाचला, आणि तो वाचलेला धूर परदेशात विकायचा. फक्त एक अट. तो भुसा आधीपासून कुणी वापरत असेल आणि कंपनीनं नेल्यावर तो माणूस लाकूड किंवा कोळसा जाळायला लागला, तर वाचलेला धूर दुसऱ्या वाटेनं बाहेर पडला. याला ते गळती म्हणायचे. म्हणून आधी दाखवावं लागायचं की आसपासच्या सगळ्या गावांत मिळून वापरापेक्षा भुसा सव्वापट तरी आहे, बाकीचा नुसता पडून सडतो. हे दाखवायचे फॉर्म मी भरणार होतो.

फॉर्मवर मुख्य प्रश्न दोन. भुसा विकत घेता का, घेत असाल तर कशासाठी? आणि जळणासाठी जंगलातून लाकूड आणता का?

माझंच गाव यादीत आलं तेव्हा मी खूश झालो. नवी पँट, गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्मची पाटी. मिलमालकानं व्हरांड्यात टेबल-खुर्ची मांडली, चहा सांगितला आणि स्वतः शेजारी खुर्ची घेऊन बसला. बायका रांगेनं पायरीखाली बसल्या. पहिलीला विचारलं, भुसा विकत घेता का?

"नाई जी."

वापरता का कशाला?

तिनं मालकाकडे पाहिलं. "कायले वापरू जी? असाच पडून राह्यते."

जंगलातून लाकूड?

"नाई नाई. जंगलात आमी जात नाई."

दुसरी तेच म्हणाली. तिसरी तेच. मग बाईची पाळी आली. पदर डोक्यावर घेऊन ती पुढे सरकली, मला बघून ओठांच्या कोपऱ्यात हसली. मी मान खाली घालून फॉर्मकडे बघतच विचारलं, धानाचा भुसा वापरता का?

"नाई जी, साहेब," ती म्हणाली. "त्या भुशाले कोन पुसते? पडून सडून जाते तो."

बाकीच्या बायका पदराआडून खुदखुदल्या. साहेब म्हणाली म्हणून. मीही हसलो आणि लिहिलं, वापर नाही. तिच्या केसांत त्या वेळीही भुसा अडकलेला होता. मला तो दिसत होता.

दुपारी तिच्याकडे जेवायला गेलो तर ती भट्टीपुढेच बसलेली. उजवा हात कढईत, डावा भुशात. मी म्हटलं, "बाई, तू खोटं काऊन सांगितलं?"

ती माझ्यावरच उखडली. "तू का पागल झाला का रे? मालकाच्या तोंडासमोर इचारते! मी म्हनलं असतं का आमाले भुसा लागते, त त्यानं उद्याच भाव लावला असता. हात दाखवून अवलक्षन कोन करते?"

"अन् लाकडाचं?"

"हातात कागद असलेल्या मानसाले कोनी लाकडाचं सांगते का बाबू? कागद फिरत फिरत जंगलवाल्याच्या हातात गेला त?"

मला तिचं कौतुक वाटलं. अडाणी बाई, पण बाजार कसा चालतो ते माझ्या प्राध्यापकापेक्षा तिला जास्त कळतं, असं वाटलं. ज्या वस्तूची आपल्याला गरज आहे, ती फुकटच ठेवायची असेल तर तिला कचरा म्हणायचं. मी ताटभर भात आणि माशाचं कालवण जेवलो आणि चंद्रपूरची एसटी पकडली. फॉर्म पिशवीत होते. पेनही खिशात होता. एक रेघ मारून वर खरं लिहायला कितीसा वेळ लागला असता? पण आम्हाला सांगितलेलं होतं, लोक बोलतील तेच लिहायचं, आपलं शहाणपण घालायचं नाही. हा नियम मला त्या दिवशी फार सोयीचा वाटला. खरं हे की सगळ्या गावांतले फॉर्म एकसारखे आले की साहेब खूश होणार होता आणि पुढच्या कामाला मला घेणार होता.

महिन्याभरानं शाळेत सभा झाली. प्रकल्पाबद्दल गावकऱ्यांच्या शंका ऐकून घ्यायची सभा, तीही नियमात होती. साहेबानं ते चित्र फळ्यावर काढलं. मी आमच्या बोलीत सांगितलं. शंका कुणालाच नव्हती. एका म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, "इकडे धूर कमी केला त तिकडे थंड होईन म्हनता. मंग आमाले विजेचं बिल कमी येईन का?" सगळे हसले, साहेबही हसला. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, नाही, वीज ग्रिडमध्ये जाईल. इतिवृत्तात मी लिहिलं, कोणाचीही हरकत नाही. खाली अंगठे आणि सह्या. बाईची सही सगळ्यांत सुंदर होती, मीच शिकवलेली.

दीड-दोन वर्षांनी प्रकल्प सुरू झाला. ताडपत्री बांधलेल्या ट्रॉल्या यायला लागल्या. मालकानं मिलच्या मागे काटेरी तार ओढली आणि पत्र्याच्या नळकांड्याचं तोंड वळवून थेट ट्रॉलीत सोडलं. मी तेव्हा गडचिरोलीकडे दुसऱ्या कामावर होतो. हे मला नंतर भाऊजींनी सांगितलं.

तार लागली त्या सकाळी बाई आणि आणखी दोघी नेहमीसारख्या गेल्या. तार दिसली, पण त्यांना वाटलं, गुरं शिरू नयेत म्हणून असेल. त्यांनी रीतीप्रमाणे अख्खं पटांगण झाडलं. कचरा गोळा करून भरून टाकला. मग पोती घेऊन मागे गेल्या तर तिथं नवा चौकीदार. तो म्हणाला, भुसा आता कंपनीचा आहे. बाई म्हणाली, "पन आमी झाडलं ना." चौकीदार दुसऱ्या गावचा, त्याला यातलं काय कळणार? तो म्हणाला, तुमाले झाडायले कोनी सांगितलं होतं?

खरंच कुणीच सांगितलं नव्हतं. त्या मालकाकडे गेल्या. मालक दुसरीकडे बघत म्हणाला, "बाई, तुमीच त लिहून देल्लं ना, का भुसा लागत नाई म्हनून."

पुढच्या बाजाराच्या मुरमुऱ्यांसाठी बाईनं जंगलातून मोळी आणली. चाळिशीला आलेली बाई, तिनं पूर्वी जंगलात जायचं ते मोहासाठी, तेंदूसाठी, चुलीपुरत्या काटक्यांसाठी, वर्षातले चार दिवस. आता आठवड्यातून तीनदा. लाकडावर मुरमुरे तिनं हट्टानं करून पाहिले. अर्धे करपायचे, उरलेले पिवळट. बाजारात लोक हातात घेऊन परत पोत्यात टाकायचे. भुसा विकत घ्यायचा तर कंपनीच्या भावानं, आणि त्या भावानं मुरमुऱ्यात काय उरणार?

मी गावी गेलो तेव्हा तिनं रडारड केली नाही, रागावली नाही. भाकरीचं ताट पुढे ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाबू, तू तवा लिहलं होतं ना, ते आता खोडता येते का?"

ती खरंच विचारत होती. तिला वाटत होतं, माझ्या हातचा कागद आहे, मी खोडला की झालं. रेशनकार्डावरचं नाव नाही का दुरुस्त होत?

मी साहेबाकडे गेलो. सगळं सांगितलं. माझी बहीण म्हणून नाही, आधी एक महिला म्हणून सांगितलं, मग बहीण म्हणून सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, फाइल कधीच परदेशात जाऊन मंजूर होऊन आलीय. मी म्हटलं, मी लिहून देतो की मी चुकीचं भरलं. त्यानं कागद पुढे केला. मी सही करून दिलं. बैल गेला अन् झोपा केला, हे लिहितानाच कळत होतं, तरी हात हलका वाटला.

मग त्यानं मला आकडेवारीचा तक्ता उघडून दाखवला. आमच्या गावच्या तीन भट्ट्या, शेजारच्या गावांतल्या पाच-सात, सगळ्या धरल्या तरी काही फरक पडत नव्हता. प्रकल्पाच्या चारी दिशांना जेवढ्या मिल होत्या, त्या सगळ्यांचा भुसा त्यात धरलेला. कुठे चाळीस किलोमीटरवरच्या मिलमागे डोंगर पडून होताच. "भुसा कमी नाहीये," तो म्हणाला, "फक्त तुमच्या बहिणीच्या घरामागे नाहीये." तो हे टोचून बोलला नाही. त्यालाही ते बोलताना अवघड वाटलं, मला दिसलं.

मी विचारलं, आपल्याकडे टन स्वस्त पडतो म्हणाला होतात, तो याच्यामुळेच ना? भुशाच्या बदल्यात अंगण झाडण्याचा रकाना फॉर्मवर नव्हता म्हणून? त्यानं तक्ता बंद केला. मग म्हणाला, एक मार्ग आहे. दरवर्षी बाहेरचा तपासनीस येतो, त्याचा आपल्याशी काही संबंध नसतो. त्याच्यासमोर बायकांनी स्वतः सांगितलं की आम्ही आधी भुसा वापरायचो आणि आता लाकूड जाळतो, तर ती गळती ठरते. गळती ठरली तर कंपनीला विकता येणारे टन कापले जातात. ते कापले जाऊ नयेत म्हणून कंपनी गावासाठी थोडा भुसा बाजूला ठेवायला तयार होईल. भट्ट्यांना लागतो तरी किती? "पण खरं बोलायला हवं," तो म्हणाला. "लाकडाचंसुद्धा."

मी त्याच एसटीनं गावी गेलो. बाईला सांगितलं, एक मोठा साहेब येईल. त्याला भ्यायचं नाही. मालक तिथं नसेल, मी बघतो. जे आहे ते सांगायचं. भट्टीत लाकूड जळतं म्हणून सांगायचं.

"अन् जंगलवाले?"

"ते नाई येनार. मी आहो ना."

तिनं माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. "बरं," ती म्हणाली. "या खेपेले खरं सांगतो."

तपासनीस यायला आठ महिने लागले. मधल्या काळात मी फोनवरून एवढंच कळवत राहिलो, येणार आहे, येणार आहे. फोन गावात एकच, किराणा दुकानात. बाई फोनवर यायची तेव्हा बरं आहे म्हणायची, दुसरं काही बोलायची नाही.

तो आला तेव्हा मीच त्याच्या गाडीत होतो. दक्षिणेकडचा, पांढऱ्या केसांचा, शांत माणूस. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून दुभाषा मी. मालकाला मी लांब ठेवला होता. शाळेच्या व्हरांड्यात बायका बसल्या होत्या. पहिल्या दोघींना विचारलं, लाकूड आणता का? दोघींनी जमिनीकडे बघत सांगितलं, नाही जी. मी त्यांना आधी कितीदा समजावलं होतं. पण समोर कागद आणि अनोळखी माणूस दिसला की त्यांचं तोंड तेच बोलायचं.

मग बाई उभी राहिली. पदर सावरला आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात बोलायला लागली. मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेलो.

"आमी आंधी भुसा वापरत होतो. मागच्या खेपेले आमी खोटं सांगितलं होतं."

तपासनीसानं मान वर केली. त्यानं विचारलं, मग आता भट्टीत काय जाळता?

"काईच नाई जी," बाई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"भट्टी मोडली. धानाच्या रोवनीच्या आंधी जंगलाच्या गार्डानं पकडलं मले. कुऱ्हाड घेतली, मोळी घेतली, दिवसभर नाक्यावर बसवून ठेवलं. त्याच्यानंतर मी जंगलात गेली नाई. मंग भट्टी काऊन ठेवू? मोडून टाकली. आता मी लोकायच्या रोवन्या-निंदनाले मजुरीनं जातो."

हे मला ठाऊक नव्हतं. आठ महिन्यांत तिनं मला हे सांगितलं नव्हतं. मी ते सगळं इंग्रजीत सांगितलं, शब्दाला शब्द ठेवून. सांगून झालं तेव्हा तपासनीसानं पाण्याची बाटली माझ्यापुढे केली.

त्यानं शांतपणे पुढचा प्रश्न विचारला, घरचा स्वयंपाक कशावर?

"बांधावरच्या तुराट्यांवर."

त्यानं लिहिलं. तुरीच्या काड्या म्हणजे शेतातलंच जळण, त्याचा धूर हिशेबात धरत नाहीत. लाकूड नाही, कोळसा नाही, रॉकेल नाही. भुसा गेला त्याच्या जागी दुसरं काहीच जळत नव्हतं. त्याच्या रकान्यात गळती शून्य, म्हणजे कंपनीचा एकही टन कापला जाणार नव्हता.

मी म्हटलं, सर, भट्टी बंद झाली ना पण, तिचं पोट त्यावर होतं. तो म्हणाला, हो, मला वाईट वाटतं, पण ती सामाजिक बाब आहे, तिचा भाग वेगळा असतो. त्यानं फाइल उलटून तो भाग काढला. तिथं शाळेतल्या सभेचं इतिवृत्त लावलेलं होतं, माझ्या अक्षरात. कोणाचीही हरकत नाही. खाली बाईची सही.

मी तिथं काय करायला हवं होतं? ओरडायला हवं होतं का? कुणावर? तपासनीस प्रामाणिक होता. साहेब प्रामाणिक होता. नियम गळती पकडण्यासाठीच केलेला होता. बाईनं लाकूड जाळलं असतं तर तिची दखल घ्यायची सोय त्यात होती. तिनं जाळणंच सोडलं, तर ती त्या कागदावर कुठे उरतच नव्हती. मी अर्थशास्त्र शिकलेला माणूस, मला ते बरोबर कळत होतं, आणि बरोबर कळत असल्यामुळे बोलायला तोंड राहिलं नव्हतं. गाडीचं दार मीच उघडून दिलं.

गाडी गेल्यावर बाईबरोबर घरी चालत गेलो. वाटेत मिल लागली. पटांगण झाडायला आता रोजानं बाया लावतात, असं ती म्हणाली. पडवीत भट्टीच्या जागी मातीचा काळा गोल तेवढा होता आणि भिंतीला कढई पालथी टेकवून ठेवलेली. ती तिनं विकली नव्हती. मी कढईकडे बघत राहिलो तशी बाई म्हणाली, "राहू दे. भुसा आला म्हंजे लागन."

तिनं हातपाय धुतले, मला बसायला चटई टाकली आणि माझ्यासमोर येऊन बसली. चेहऱ्यावर थकवा होता, पण थोडा अभिमानही होता, मोठ्या साहेबासमोर न घाबरता बोलल्याचा.

"या खेपेले खरं सांगितलं ना म्या?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "हो बाई. सगळं खरं सांगितलं."

"मंग आता देतीन ना भुसा?"